गॅस्ट्रिक बँड बसवल्यानंतर गोळ्या कशा घ्यायच्या

घसा सुजला, दाढ ठणकली की सर्रास लिहून दिली जाणारी ‘६२५’ची गोळी, म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची, एकदा तळहातावर ठेवून पाहा. जवळपास दोन सेंटिमीटर लांब, चांगली जाडजूड. वजन कमी करण्यासाठी ज्यांच्या जठराला बँड बसवलेला आहे त्यांच्या पोटात ही गोळी जिथून खाली उतरायची ती वाट सेंटिमीटरभराच्या आसपास असते, आणि बँड आवळलेला असेल तर त्याहूनही अरुंद. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बँडची कल्पना नसते, केमिस्ट विचारत नाही, आणि पेशंटही ‘एक गोळीच तर आहे’ म्हणून गिळून टाकतो. मग छातीत दाटतं, तोंडाला लाळ सुटते आणि रात्र उलट्यांमध्ये जाते. हे सगळं टाळता येतं. त्यासाठी आधी बँड नेमकं काय करतो ते समजून घ्यायला हवं.

बँड म्हणजे सिलिकॉनची कडी. अन्ननलिका जठराला जिथे मिळते त्याच्या जरा खाली ती बसवतात. कडीच्या वर जठराचा एक चिमुकला कप्पा उरतो, १५ ते ३० मिलीचा, म्हणजे एक ते दोन मोठे चमचे. कडीच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे वरून सुई टोचता येईल अशा छोट्या डबीला, जोडलेली असते. पोर्टमधून सलाइन भरलं की कडी आवळते, काढून घेतलं की सैल पडते. या भरण्यालाच पेशंट आणि डॉक्टर ‘फिल’ म्हणतात. आतडं कुठेही कापलेलं किंवा वळवलेलं नसतं. म्हणून गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचा नव्हे, अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवणारी वजनाची शस्त्रक्रिया) झालेल्यांना सतावणारा प्रश्न, औषध अंगात नीट शोषलं जातं की नाही हा, बँडवाल्यांपुढे सहसा येत नाही. गोळी कडीखाली उतरली की तिचा पुढचा प्रवास इतर कुणाच्याही पोटातल्यासारखाच असतो. अडचण आहे ती दाराची.

हा फरक मुद्दाम सांगायचं कारण असं, की आज भारतात वजन कमी करण्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणारी) किंवा बायपासच्या होतात आणि बँड फार कमी बसवला जातो. तेव्हा हाताशी येणारी माहितीही बहुतेक त्याच दोन शस्त्रक्रियांची असते. ती बँडला जशीच्या तशी लावू नका. आणि आधी बँड बसवून नंतर तो काढून स्लीव्ह किंवा बायपास करून घेतला असेल, तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू होत नाही.

अडकलेली गोळी दोन तऱ्हांनी त्रास देते. एक तर वाट बंद होते, मग पाणी आणि थुंकीसुद्धा खाली जात नाही. दुसरा त्रास गुपचूप होतो. गोळी कप्प्यात तशीच पडून विरघळते आणि आतल्या नाजूक अस्तराला भाजून काढते. लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम क्लोराइड, डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीचं ॲलेन्ड्रोनेट आणि वेदनाशामकं यांत सगळ्यांत वाईट. वाट पूर्ण बंद झाली नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि चार-सहा दिवसांनी गिळताना छातीत जळजळ सुरू होते.

किती मोठी गोळी चालते

साधं माप ठेवा: तुरीच्या दाण्याएवढी, किंवा शिसपेन्सिलीच्या मागच्या खोडरबराच्या रुंदीएवढी. साधारण सहा मिलिमीटर. याच्या आतली गोळी बहुतेकांना पूर्ण गिळता येते. थायरॉक्सिन, ॲम्लोडिपिन, ग्लिमेपिराइड यांच्या गोळ्या सहसा या मापात बसतात. मेटफॉर्मिन, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, बहुतेक अँटिबायोटिक आणि ६५०ची पॅरासिटामॉल बसत नाहीत. कॅप्सूलचं वेगळंच आहे. ती गुळगुळीत दिसते, पण ओली झाली की चिकट होते आणि कप्प्याच्या भिंतीला बसते. त्यामुळे लहान कॅप्सूलसुद्धा कोरड्या घशाने घेऊ नका.

हे माप पहिल्या चार ते सहा आठवड्यांना लागू नाही. शस्त्रक्रियेनंतर कडीभोवतीचा भाग सुजलेला असतो, आहारही पातळ पदार्थांपासून हळूहळू वर चढत असतो. त्या काळात औषध द्रवरूपात, पाण्यात विरघळणारं, किंवा चालत असेल तर पूड करून घ्यायचं. छोट्या गोळ्या कधीपासून गिळायच्या ते तुमच्या सर्जनकडून विचारून घ्या, कारण प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. प्रत्येक फिलनंतरचे दोन-तीन दिवसही असेच काढायचे. पहिला फिल साधारण सहा आठवड्यांनी होतो. त्या दिवशी घरी आल्यावर जुन्या सवयीने मोठी गोळी गिळली आणि अडकली, हा प्रकार फार वेळा घडतो. फिलची तारीख ठरली की त्या आठवड्याची औषधं सिरप किंवा विरघळणाऱ्या रूपात आधीच आणून ठेवा.

पूड हा शेवटचा मार्ग

बँड बसवला म्हणजे सगळ्या गोळ्या कुटायच्या, अशी एक समजूत रूढ आहे. ती धोक्याची आहे. क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांना विचारा, हे औषध आता लागतंच का? वजन उतरल्यावर अनेकांची निम्मी औषधं कमी होतात. लागत असेल तर द्रव, पाण्यात विरघळणारी (नावापुढे ‘डीटी’), जिभेवर विरघळणारी (‘एमडी’ किंवा ‘ओडीटी’), चघळायची, जिभेखाली ठेवायची किंवा त्वचेवर चिकटवायची असं दुसरं रूप मिळतं का? नाही तर त्याच औषधाची कमी ताकदीची छोटी गोळी मिळते का, म्हणजे ५००च्या एका ऐवजी २५०च्या दोन, दहा मिनिटांच्या अंतराने? तेही नाही तर गोळीवर रेघ आहे का, अर्धी करता येईल का? हे सगळं संपल्यावर पूड.

पूड करण्याआधी स्ट्रिप वाचायची, आणि मागची बाजू वाचायची, जिथे औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरांत असतं. ब्रँडच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, पीआर, एमआर, एलए किंवा ‘रिटार्ड’ असेल, तर ती गोळी औषध बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली आहे. ती कुटली तर दिवसभराचं औषध एका घोटात अंगात जातं. निफेडिपिन रिटार्डची पूड घेतली तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. ट्रॅमाडॉल एसआरची पूड गुंगी आणि श्वास मंदावण्यापर्यंत नेऊ शकते. मागच्या बाजूला ‘प्रोलाँग्ड रिलीज’, ‘सस्टेन्ड रिलीज’, ‘मॉडिफाइड रिलीज’ असे शब्द असतात, तेही तेच सांगतात.

‘ओडी’ या दोन अक्षरांनी मात्र फसगत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, एवढंच. पण ब्रँडच्या नावातच ओडी असेल तर ती गोळी बहुधा हळूहळू सुटणारी असते. ‘फोर्ट’ किंवा ‘प्लस’चा याच्याशी काही संबंध नाही, तिथे फक्त ताकद वाढवलेली असते किंवा जोडीला दुसरं औषध असतं.

दुसरा गट आम्लापासून बचाव करणाऱ्या वेष्टणाचा. ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’, ‘डिलेड रिलीज’, ‘एंटेरिक कोटेड’ किंवा ‘ईसी’ असं लिहिलेलं असतं. पँटोप्रॅझोल आणि रॅबेप्रॅझोल यातलेच. त्यांची पूड केली तर जठरातलं आम्ल औषध आधीच निकामी करतं आणि तुम्ही गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते. बँडवाल्यांना ॲसिडिटीची गोळी बऱ्याचदा लागते, म्हणून पर्याय माहीत हवेत. ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोलच्या ज्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात, ती उघडून दाणे चमचाभर शिजवलेल्या सफरचंदाच्या मऊ गरावर टाकायचे आणि न चावता लगेच गिळायचे. दाणे चावले तर वेष्टण फुटलं, काम संपलं. लॅन्सोप्रॅझोलची तोंडात विरघळणारी गोळीही येते. ‘डीएसआर’ नावाच्या जोड-कॅप्सूल, म्हणजे ॲसिडिटीच्या औषधासोबत हळूहळू सुटणारं डॉमपेरिडोन, सवयीने लिहून दिल्या जातात. त्या घेण्याआधी साधा पर्याय विचारा.

तिसरा गट कुटायचाच नाही असा. मेथोट्रेक्सेट आणि कर्करोगावरची औषधं, कारण पूड श्वासातून आणि हाताला लागून घरातल्या इतरांनाही जाते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, कारण घरात गरोदर बाई असेल तर तिच्या गर्भाला धोका. रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायचीच नाही. उघडून घेतली तर औषध रक्तात कितीतरी जास्त उतरतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

एक अपवाद सांगून ठेवावा असा आहे. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या दीर्घकाळ चालणाऱ्या ज्या गोळीवर मधोमध रेघ असते, ती रेघेवर मोडून दोन अर्धुकं वेगवेगळी गिळता येतात, कारण आतला प्रत्येक कण आपापल्या वेष्टणात असतो. पण कुटायची किंवा चावायची नाही. तेव्हा ‘मोडता येते’ म्हणजे ‘कुटता येते’ असं नव्हे.

पूड करायची कशी

केमिस्टकडे प्लॅस्टिकचा झाकण फिरवायचा गोळी-कुटणारा मिळतो. तो नसेल तर छोटा चिनी मातीचा खलबत्ता औषधांपुरता वेगळा ठेवा. वेलची-जायफळाचा वापरू नका, आणि धुतल्यावर पूर्ण कोरडा झाल्याशिवाय त्यात गोळी टाकू नका. घरी मोठ्यांचा ओढा सहाणेकडे असतो. बाळगुटीला सहाण ठीक आहे, कारण तिथे दोन-चार वेढे घ्यायचे असतात. गोळीचं माप मिलिग्रॅममध्ये असतं. सहाणेच्या दगडाच्या छिद्रांत किती राहिली आणि वाटीत किती आली ते कुणालाच सांगता येत नाही.

एका वेळी एकच औषध कुटा. तीन गोळ्या एकत्र कुटून एकदम घेतल्या तर औषधं एकमेकांवर काय परिणाम करतील सांगता येत नाही, आणि उलटी झाली तर काय बाहेर आलं तेही कळत नाही. गोळी आधी दाबून फोडा, मग गोल फिरवत बारीक करा. बोटाच्या चिमटीत रवाळ लागायला नको, पिठीसाखरेसारखी व्हायला हवी. रंगीत वेष्टणाचे पापुद्रे राहतात, ते पाण्यात भिजू द्या. पुडीवर एक लहान चमचा, म्हणजे पाच मिली, पाणी घाला, मिनिटभर थांबा, ढवळा आणि घ्या. कडवट असेल तर चमचाभर पातळ दह्यात किंवा शिजवलेल्या सफरचंदाच्या गरात कालवा. पण दही, दूध आणि कॅल्शियम यांच्याशी काही औषधांचं जमत नाही. थायरॉक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही त्यातली नेहमी भेटणारी. ती पाण्यातच घ्यायची. मग भांड्यात दहा मिली पाणी घालून खळबळवा आणि तेही प्या. बत्त्याच्या टोकाला आणि भांड्याच्या कडेला बरंच औषध राहतं. पूड करून डबीत भरून ठेवू नका, ती हवेने आणि दमटपणाने खराब होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर लगेचच.

गरम पाणी, चहा किंवा मोठी वाटीभर आमटी यांत औषध मिसळायचं नाही. वाटी संपली नाही तर डोसही संपला नाही.

पूर्ण गोळी गिळताना

ताठ बसा किंवा उभे राहा. आधी पाण्याचा एक छोटा घोट घ्या आणि तो खाली उतरल्याचं जाणवेपर्यंत थांबा. कोमट पाणी बऱ्याच जणांना सोपं जातं. मग एक गोळी, एक-दोन छोटे घोट. पुन्हा थांबा, पाच ते दहा मिनिटं. मग दुसरी. सकाळच्या चार गोळ्या मुठीने तोंडात टाकायची सवय असेल तर ती पहिल्या दिवसापासून सोडायची, कारण एकेकटी सहज उतरणारी गोळी दुसरीला चिकटली की अडकते. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणून रात्रीची गोळी झोपण्याच्या तासभर आधी घ्या.

बँड अनेकांना सकाळी जास्त घट्ट वाटतो आणि दिवस चढेल तसा सैल होतो. म्हणून मोठ्या गोळ्या दुपारी किंवा संध्याकाळी हलवता येतील का ते डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी मात्र सकाळी उपाशीपोटीच, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. ती छोटी असते, अडचण येत नाही.

आता ‘जेवणानंतर’ लिहिलेल्या औषधांचं काय? बँडवाल्यांना जेवताना पाणी प्यायचं नसतं, आणि जेवण झाल्यावर कप्पा भरलेला असतो. त्यावर गोळी टाकली तर ती घासांच्या वरच तरंगत राहते. जे औषध अन्नासोबत घ्यायचं, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन, ते पहिल्या दोन-तीन घासांनंतर घ्या, जमल्यास पुडीच्या रूपात चमचाभर दह्यातून. मेटफॉर्मिनची साधी गोळी कुटता येते, एसआर येत नाही. एसआर बदलून साधी द्यायची तर ती दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावी लागते. हे डॉक्टरांनी ठरवायचं, केमिस्टच्या काउंटरवर नाही.

सिरपचं गणित

द्रव औषध ही बँडवाल्यांची मोठी सोय, पण मोजायचं नीट. घरातला चमचा नको. बाटलीसोबतचं टोपण किंवा, त्याहून बरं, सुईशिवायची सिरिंज वापरा. सिरप आधी लहान मुलांसाठी बनतात, त्यामुळे मोठ्या माणसाच्या डोसाला बरेच मिली लागतात. अझिथ्रोमायसिनचं २०० मिलिग्रॅम दर पाच मिलीचं सिरप असेल तर ५०० मिलिग्रॅमसाठी साडेबारा मिली. पॅरासिटामॉल २५० मिलिग्रॅम दर पाच मिली असेल तर ५००साठी दहा मिली. पण पॅरासिटामॉलची बाटली १२० किंवा १२५ची पण येते, आणि बाळांचे थेंब तर कितीतरी तीव्र असतात. बाटलीवरचा आकडा दर वेळी पाहा.

सुरुवातीच्या ६२५च्या गोळीकडे परत. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनला १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असतं, म्हणजे चारास एक. मुलांच्या सिरपांमध्ये हे प्रमाण बऱ्याचदा सातास एक असतं. नुसतं अमॉक्सिसिलिन जुळवत सिरप मोजलं तर दुसरा घटक कमी पडतो. म्हणून हे बदलताना गणित घरी करू नका. डॉक्टरांना सांगा, ‘मोठी गोळी गिळता येत नाही, त्या ऐवजी द्रव किंवा विरघळणारी लिहून द्या’, आणि किती मिली ते चिठ्ठीवर लिहून घ्या. पाणी घालून तयार केलेलं हे सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं असतं.

मधुमेह असेल तर साखरविरहित सिरप मागा. साखरेऐवजी सॉर्बिटॉल असलेल्यांनी पोट ढिलं होतं, तेव्हा दोन दिवस जुलाब झाले तर बाटलीवरचे घटक वाचा. फसफसणाऱ्या गोळ्या पाण्यात टाकल्यावर बुडबुडे पूर्ण जाऊ द्या, ढवळा आणि मग घोट-घोट घ्या. गॅस चिमुकल्या कप्प्यात कोंडला की दुखतं.

वेदनाशामकं

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, ॲस्पिरिन. डोकं, पाठ, दात, पाळी, काहीही दुखलं की आपल्याकडे यातलंच काहीतरी हातात येतं, तेही चिठ्ठीशिवाय. बँड असलेल्यांनी ही टाळायची. ही औषधं जठराचं संरक्षण करणारं अस्तर कमकुवत करतात. कडीखालच्या दाबल्या गेलेल्या भिंतीवर व्रण झाला, तर पुढे बँड भिंतीत रुतण्याचा धोका असतो. तसं झालं तर बँड काढावा लागतो.

पाण्यात विरघळवून घेतलं किंवा इंजेक्शन घेतलं की जठर वाचतं, असं वाटू शकतं. तसं नाही. ही औषधं रक्तातूनही जठराच्या अस्तरावर परिणाम करतात, त्यामुळे इंजेक्शनने गोळी अडकण्याचा प्रश्न सुटतो, व्रणाचा नाही. सांधेदुखीवर वरून चोळायच्या जेलमधून औषध रक्तात फार थोडं जातं, ते वापरायला सहसा परवानगी मिळते, पण विचारून.

दुखण्यावर पहिली पसंती पॅरासिटामॉल. एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसाला तीन ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या बहुतेक जोड-गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, ते या हिशेबात धरा. ‘कॉम्बिफ्लाम’सारख्या जोड-गोळीत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन असतं, हे नावावरून कळत नाही. स्ट्रिप उलटून पाहिल्यावरच कळतं.

हृदयासाठी ७५ची ॲस्पिरिन चालू असेल तर हे वाचून घाबरून ती बंद करू नका. स्टेंट असताना ॲस्पिरिन अचानक थांबवणं व्रणाहून घातक ठरू शकतं. हृदयरोगतज्ज्ञ आणि बँडचे सर्जन यांनी मिळून ठरवू द्या. बहुधा सोबत ॲसिडिटीचं औषध देतात.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची ७०ची गोळी पेलाभर साध्या पाण्यासोबत एकदम घ्यावी लागते. बँडवाल्याला एका दमात पेलाभर पाणी पिता येत नाही, आणि गोळी अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. तिच्या ऐवजी वर्षातून एकदा शिरेतून देतात त्या झोलेड्रॉनिक ॲसिडबद्दल विचारा. पोटॅशियमची गोळीही अशीच नाकारा, सिरप पाण्यात पातळ करून घ्या.

वजन उतरतं तसे डोस बदलतात

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन जुन्याच डोसात चालू राहिलं आणि जेवण वाटीभरावर आलं, तर साखर खाली जाते. घाम, थरथर, भलतीच भूक, धडधड. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे घरी ग्लुकोमीटरने तपासत राहा आणि ७०च्या खाली एकदा जरी आकडा आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अशा वेळी साखरेचं पाणी छोट्या घोटांनी घ्या. गिळायला वेळ लागतो म्हणून पेढा-लाडू नको, तो अडकतो.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची औषधं शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. खाणं फार कमी असताना ती चालू राहिली तर रक्तात आम्ल साचतं, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास अशी लक्षणं असतील तर ‘बँडमुळे होतंय’ म्हणून घरी थांबू नका.

उठताना चक्कर येत असेल तर रक्तदाबाचा डोस जास्त झालेला असू शकतो. लघवी होण्याची गोळी आणि लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) घेणाऱ्यांनी उलट्या सुरू झाल्या तर लगेच फोन करायचा. शरीरातलं पाणी कमी झालं की लिथियम विषारी पातळीला जातं. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा आहार बदलला की आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, बदलतो, तपासणी लवकर-लवकर करा. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर ती चुकलेली गोळी धरा. वजन उतरल्यावर गर्भ राहण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

कॅल्शियम आणि लोहाबद्दल थोडक्यात. कॅल्शियम चघळायचं किंवा सिरप, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत. लोह त्यापासून दोन तास लांब, चहापासूनही लांब. थायरॉक्सिन या दोन्हींपासून चार तास लांब. बद्धकोष्ठतेला इसबगोल मात्र घेऊ नका. तो पाण्यात फुगतो, आणि कडीच्या वर फुगला तर डिंकाचा गोळाच होतो. त्या ऐवजी लॅक्ट्युलोजसारखं द्रव औषध मागा. कोरडं चूर्ण फाकी मारून घेणं आणि गुग्गुळाच्या टणक गोळ्या अख्ख्या गिळणं, दोन्ही टाळा. वैद्यांनाही बँडचं सांगा.

अडकलीच तर

छातीच्या हाडामागे दाटल्यासारखं दुखणं, उचक्या, तोंडात फेसाळ, चिकट लाळ. गोळी अडकल्याची ही खूण. पहिली प्रतिक्रिया असते वरून पाणी पिऊन ढकलायची. तेच करायचं नाही. खाली दार बंद आहे, पाणी फक्त कप्पा ताणतं आणि जोराची उलटी होते. भाताचा गोळा किंवा केळं गिळणं तर आणखी वाईट. बोट घालून उलटी काढू नका. वारंवार जोराच्या उलट्यांनी बँड जागेवरून सरकू शकतो.

उभे राहा, हळूहळू चाला, लाळ थुंकत राहा. साधी गोळी बऱ्याचदा विरघळून आपोआप उतरते. उतरल्याचं जाणवल्यावरही अर्धा तास काही घेऊ नका, मग कोमट पाण्याचे छोटे घोट. उरलेला दिवस पातळ पदार्थांवर काढा, कारण आतला भाग सुजलेला असतो आणि लगेच पोळी खाल्ली तर तीही अडकते. गोळी बाहेर पडलेली दिसली तर दुसरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखरेची आणि रक्तदाबाची असेल तर नक्कीच.

स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, दुखणं वाढत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दिसलं, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा दोन-तीन तासांत काही सुटलं नाही, तर हॉस्पिटल गाठा. तिथे पोर्टमधून सलाइन काढून बँड सैल करता येतो आणि बऱ्याचदा तेवढ्याने मोकळं होतं. पोर्टमध्ये खास ह्यूबर सुईच घालायची असते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या पडद्याला भोक पडतं आणि तो गळायला लागतो. तातडीच्या विभागात हे माहीत नसू शकतं, म्हणून तुम्ही किंवा सोबतच्या माणसाने बोलून दाखवायला हवं. बरेच दिवस उलट्या होऊन अशक्तपणा आला असेल तर आणखी एक गोष्ट बोलायची: ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, द्या. ते अंगात कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

यासाठी पाकिटात एक चिठ्ठी ठेवा आणि तिचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्येही. त्यावर लिहायचं: जठराला समायोज्य बँड आहे, बसवल्याची तारीख, बँडचं नाव, शेवटच्या फिलनंतर आत किती मिली सलाइन आहे, सर्जनचा फोन. खाली दोन ओळी: मोठ्या गोळ्या नकोत, द्रव किंवा विरघळणारी द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक गटातली वेदनाशामकं नकोत, इंजेक्शनसुद्धा नको. आणि पोर्टसाठी ह्यूबर सुई, हे शब्द इंग्रजीतही लिहून ठेवा. प्रत्येक फिलनंतर मिलीचा आकडा खोडून नवा लिहा.